पाव इंच

भास्करराव,

तुमची शोकसभा परवा झाली. अध्यापक विद्यालयाच्या त्याच लांबट खोलीत, जिथे फळ्यावर ऊन चमकतं म्हणून तुम्ही नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात फळा काढून समोरच्या भिंतीवर नेला होता. भाषणं झाली. तीन वक्त्यांनी तुम्हाला नेत्रतज्ज्ञ म्हटलं. मी डोळ्यांचा डॉक्टर नाही, माणूस बघतो कसा त्याचा अभ्यास करतो, असं तुम्ही पनवेलभर सांगत फिरलात, पण शेवटपर्यंत लोक तुमच्याकडे आलेले डोळे घेऊनच आले. तुम्हीही शेवटी दारात बोरिक पावडरचा डबा ठेवलात. हे कुणीतरी भाषणात सांगेल असं वाटलं होतं, पण कुणी सांगितलं नाही.

मग ठाण्याहून आलेले अध्यक्ष बोलायला उठले. म्हणाले, "डॉक्टरांच्या हातून उमेदीच्या काळात मोजमापाची एक ढोबळ चूक झाली, नाहीतर ते मुंबईत फार मोठ्या पदावर गेले असते. पण त्यांनी ती मोठ्या मनानं कबूल केली." लोकांनी माना डोलावल्या. भास्करराव, तिसऱ्या रांगेत बसून मीही मान डोलावली.

घरी आल्यावर मला माझीच शिसारी आली. ती चूक तुमची नव्हती. ती माझी होती, आणि हे जगात फक्त मला माहीत होतं. तुमच्या नावाला चिकटलेली तेवढी एक गोष्ट काढून टाकायची म्हणून हे लिहितोय. विद्यालयाच्या वार्षिकासाठी तुमच्यावर लेख हवा असं प्राचार्यांनी सांगितलंय. त्यांना गुणगौरव हवा असेल. तोही आहे, पण आधी भांडण.

आपली ओळखच भांडणातून झाली. तुम्ही नुकते मुंबईहून आला होता. लढाईच्या दिवसांत किनाऱ्यावरच्या पहारेकऱ्यांच्या नजरेच्या चाचण्या घ्यायचं काम केलेला, जाड चष्म्याचा, हसताना खांदे हलवणारा माणूस. मी हायस्कुलात चित्रकला शिकवायचो आणि सुट्टीत दुकानांच्या पाट्या रंगवायचो. मी कर्नाळ्याचं चित्र काढत तळ्याकाठी बसलो होतो. तुम्ही मागे येऊन उभे राहिलात, हात लांब करून पेन्सिल डोळ्यासमोर धरलीत, एक डोळा मिटलात आणि म्हणालात, "सुळका दीडपट काढलाय तुम्ही."

मी म्हटलं, "मला दिसतो तेवढा काढलाय."

"तेच म्हणतोय. दिसतो दीडपट. आहे एवढाच." आणि पेन्सिलीवर अंगठ्याचं नख ठेवून दाखवलंत.

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पण पेन्सिल घेऊन मीही बघितलं आणि तुमचं खरं निघालं. तरी मी चित्र बदललं नाही. पेन्सिलीएवढा कर्नाळा कुणी विकत घेणार नाही, असं मी म्हटल्यावर तुम्ही इतके हसलात की तळ्यावर धुणं धुणाऱ्या बायका बघायला लागल्या. हा वाद आपण पुढे वीस वर्षं चालवला. चित्रकाराच्या डोळ्याला काही अधिकार आहे की नाही? तुम्ही म्हणायचात, डोळा एकटा काही बघत नाही, मागून डोकं ढकलत असतं. मी म्हणायचो, माझं डोकं ब्रश धरत नाही. निकाल लागला नाही. आता तुमच्या बाजूनं बोलायला कुणी नाही, म्हणून मी जिंकलो असं समजणार नाही.

त्या भांडणानंतर आठ दिवसांनी तुम्ही माझ्याकडे काम घेऊन आलात. दोन पुठ्ठे हवे होते. प्रत्येकावर एक आडवी रेघ, दोन्ही रेघा अगदी सारख्या लांबीच्या. एकीच्या टोकांना बाणासारखे आत मिटलेले पंख, दुसरीच्या टोकांना बाहेर उघडलेले. कशासाठी ते तुम्ही सांगितलं नाहीत. मी तुमच्याबरोबर खेड्यांत दुभाषा म्हणून येणार होतो, आणि मला कारण कळलं तर नकळत मी लोकांना सुचवीन, अशी तुमची भीती. ती रास्त होती.

आता मी काय केलं ते ऐका. पट्टी लावून मी दोन रेघा मारल्या, पंख काढले, पुठ्ठे शेजारी ठेवले आणि मला उघड दिसलं की दुसरी रेघ लांब झाली आहे. पट्टी सरकली असेल म्हटलं. पाटी रंगवणाऱ्याला हे रोजचं आहे. गोल अक्षर पट्टीनं बरोबर काढलं तर शेजारच्या चौकोनी अक्षरापुढे बुटकं दिसतं, म्हणून आम्ही ते जरा मोठं काढतो. गिऱ्हाइकाला बरोबर दिसलं पाहिजे, पट्टीला कोण विचारतो? दुसरा पुठ्ठा मी टाकून दिला. नवा घेतला, आणि या वेळी पट्टी बाजूला ठेवून, डोळ्याला सारखी दिसेपर्यंत रेघ आखूड करत गेलो. झकास जमली. मला माझ्या हाताचा अभिमान वाटला.

पुठ्ठे घेताना तुम्ही खिशातून फूटपट्टी काढलीत. आणि मी भडकलो. म्हटलं, "माझ्या कामावर विश्वास नसेल तर दुसरा माणूस बघा." तुम्ही एक क्षण माझ्याकडे बघितलंत आणि पट्टी परत खिशात ठेवलीत. म्हणालात, "मोजून काढल्यात ना, मास्तर? मग झालं." मी हो म्हटलं. अध्यक्षमहाराज ज्याला तुमची ढोबळ चूक म्हणतात ती एवढीच आहे. तुम्ही एका तापट माणसाचा मान राखलात.

मग आपण फिरलो. ते दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले होते, हे तुम्हाला कधी सांगितलं नाही, आता सांगतो. मिठागरांच्या बांधांवरून मी पुढे आणि तुम्ही मागे, धोतर वर धरून, चपला हातात घेऊन. ती माझीच माणसं. माझे आईवडील मिठागरात राबले. घरतांच्या घरातला शाळामास्तर झालेला मी पहिला. तुम्ही उन्हात उकिडवे बसायचात, पुठ्ठे मांडायचात, मी विचारायचो. बायजाबाई आठवते? मीठ ओढता ओढता थांबली, पुठ्ठ्यांकडे बघितलं आणि म्हणाली, "दोनी सारख्याच हायत मास्तर. यात इचारायचं काय?" मग तुमच्याकडे बोट करून मला म्हणाली, "यांना दिसत नाय काय नीट?"

मोऱ्याच्या कोळीवाड्यात गेलो तिथेही तेच. होडीचा प्रमुख, तांडेल, जाळं शिवत होता. सारख्याच हायत, म्हणाला, आणि उलट तुमचीच परीक्षा घेतली. समुद्रातलं एक शीड दाखवून विचारलं, "डाक्टर, ती होडी आत येते का भायेर जाते, सांगा बघू." तुम्ही चुकलात. तांडेलाला एवढा आनंद झाला की त्यानं आपल्याला बोंबील बांधून दिले. तुमच्या घरी ते चालणार नव्हते, म्हणून सगळे माझ्याकडे आले.

शंभरेक माणसं झाल्यावर तुम्ही मला कारण सांगितलंत. मुंबईच्या विद्यार्थ्यांना हेच चित्र पुस्तकातलं छापील दाखवलं होतं. त्यांना उघड्या पंखांची रेघ लांब दिसते. जवळजवळ सगळ्यांनाच दिसते. आणि इथे मिठागरात, कोळीवाड्यात, कुणालाही दिसत नाही! तुम्ही माझे दोन्ही खांदे धरलेत. "घरत, तुमच्या लोकांचे डोळे फसत नाहीत. शहरातला माणूस कोपऱ्याकोपऱ्यांच्या खोल्यांत वाढतो, म्हणून तो फसतो. ही माणसं उघड्यावर वाढली." मी विचारलं, "आणि तुम्हाला काय दिसतं?" तुम्ही म्हणालात, "माझं धरू नका. हजार वेळा बघून माझे डोळे सरावलेत."

मी गावी जाऊन सगळ्यांना सांगितलं. आमच्या लोकांना त्या काळी अडाणी, मिठातले, चिखलातले म्हणून कोण काय बोलायचं ते मी शाळेत असल्यापासून ऐकलं होतं. आणि आता मुंबईच्या विद्वानांपुढे एक डॉक्टर सांगणार होता की यांची नजर तुमच्यापेक्षा खरी आहे. माझ्या आईनं शेजारणीला हाक मारून सांगितलं, "आमचे डोले फसत नाय!" त्या वेळी माझ्या मनात कुठे काही हललं असेल, तर मी ते दाबून टाकलं.

शनिवारी तुमचं व्याख्यान होतं. त्यावर मुंबईतली जागा ठरणार होती, हे तुम्ही बोलला नाहीत तरी वहिनी बोलल्या होत्या. भिंतीवर लावायला मोठा तक्ता करायचा म्हणून सोमवारी तुम्ही ते दोन पुठ्ठे माझ्याकडे दिलेत. दुप्पट मोठं करायचं तर आधी मोजायला हवं. मी मोजलं. उघड्या पंखांची रेघ पाव इंचानं आखूड होती.

पुन्हा मोजलं. मग उठून पाणी प्यायलो. मला सगळं एका क्षणात समजलं. आमच्या लोकांना रेघा सारख्या दिसल्या, कारण मला सारख्या दिसेपर्यंत मीच त्यांतली एक आखूड केली होती. मी फसलो तेवढेच तेही फसले होते, पाव इंच, अगदी मापात. तुमचं घर विद्यालयामागे, चार मिनिटांवर. मी सोमवारी आलो नाही, मंगळवारी आलो नाही. भीती वाटली असं म्हणून सुटका करून घेणार नाही. मला ते खरं असायला हवं होतं. आईच्या तोंडचं वाक्य परत घ्यायची माझी तयारी नव्हती. तक्ता मी पट्टी लावून अचूक सारख्या रेघांचा केला आणि कुणी मोजणार नाही अशी आशा धरली.

मुंबईच्या सभेत पहिल्या रांगेतल्या एका वयस्कर प्राध्यापकांनी शांतपणे विचारलं, "आपण लोकांना दाखवलेले मूळ पुठ्ठे बघू का?" तुम्ही हौसेनं दिलेत. त्यांनी खिशातून पट्टी काढली. त्यानंतरचं सभागृह मला आठवायचं नाही. एवढं आठवतं की तुम्ही स्वतः पुठ्ठे मोजलेत, चष्मा पुसून परत मोजलेत आणि व्यासपीठावर ताठ उभे राहून म्हणालात, "हे माझ्या निष्काळजीपणामुळे झालं. मी माझे सगळे निष्कर्ष मागे घेतो." चित्रं काढणारा माणूस मागे भिंतीला टेकून उभा होता. तुम्ही त्याच्याकडे नजरसुद्धा वळवली नाहीत, कुणाला कळेल म्हणून.

परतीला आपण भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याची लाँच धरली. टळटळीत दुपार होती. तुम्ही पाण्याकडे बघत होता. मग विचारलंत, रागानं नाही, खरंच कोडं पडल्यासारखं, "घरत, तुम्ही मोजून काढल्या होत्या ना?"

"हो."

"मग आखूड कशी झाली?"

मी म्हटलं, "तो पुठ्ठा खोक्याचा होता. दमट हवेनं आवळला असेल."

तुम्ही मान हलवलीत. "असेल," म्हणालात. मग समोरून येणाऱ्या होडीकडे बघून लाँचच्या तांडेलाला विचारायला उठलात की ती किती लांब असेल.

मुंबईची जागा गेली. तुम्ही पनवेललाच राहिलात, आणि इथून पुढचं सांगताना मला मान खाली घालावी लागत नाही. महिनाभरात तुम्ही नवी कल्पना घेऊन दारात हजर. आता रेघा आपण काढून द्यायच्याच नाहीत. एका पुठ्ठ्याच्या खोबणीत दुसरा सरकता ठेवायचा, आणि माणसानं स्वतःच्या हातानं सरकवून दोन्ही सारख्या करायच्या. मागच्या बाजूला मोजपट्टी. किती फसतो ते त्याच्याच हातून कळेल. मी ती सरकती पाटी बनवली, पट्टी लावून, तीनदा मोजून. आपण पुन्हा बायजाबाईकडे गेलो. तिनं सरकवून सारखं केलं, आणि मागे बघितलं तर तीही फसली होती, मुंबईकरांपेक्षा थोडी कमी. तुम्ही तिला ते समजावून सांगितलंत तेव्हा ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मंग तुमी नाय फसत का?" तुम्ही तिच्यासमोर पाटी सरकवलीत आणि तिच्यापेक्षा जास्त फसलात.

"फसणं हा डोळ्याचा दोष नाही, मास्तर, ते त्याचं कामच आहे," हे तुम्ही त्या दिवशी बांधावरून परतताना म्हणालात. जो फसत नाही त्याला लांबचं नि जवळचं कळणार नाही. ज्या सवयीनं तांडेल होडी येते की जाते ते ओळखतो त्याच सवयीनं रेघ त्याला चकवते. मला आईसाठी हवं होतं ते याहून मोठं काही नव्हतं. आमची नजर तुमच्यासारखीच होती, हे तुम्ही खऱ्या मोजमापानं दाखवून दिलंत. मी ते आईला सांगितलं. ती म्हणाली, "ते तर म्हायीत हाय."

पनवेल तालुक्यात आज एकही नवा शिक्षक खिडकीसमोर फळा लावत नाही, बारीक अक्षर लिहून मागच्या बाकावरच्या मुलाला ढ म्हणत नाही. हे तुमचं काम. मुंबईच्या खुर्चीत बसून ते झालं नसतं, असं मी तुम्हाला अनेकदा ऐकवलं. त्यातलं निम्मं खरं होतं आणि निम्मं मी माझ्या समाधानासाठी बोलत होतो. तुम्ही पट्टी कायम वरच्या खिशात ठेवायला लागलात, पाहुण्यांसमोर पोळपाटसुद्धा मोजायचात, त्यावरून मी सगळ्यांदेखत तुमची टिंगल केली. तुम्ही खांदे हलवून हसायचात. एकदाही तुम्ही मला तो प्रश्न परत विचारला नाहीत. विचारला असतात तर मी सांगितलं असतं, असं मी स्वतःला समजावत आलो. वीस वर्षं रोज भेटणाऱ्या माणसाला विचारल्याशिवाय सांगता येत नाही का?

काल दुपारी मी वहिनींकडे गेलो. छापायच्या आधी त्यांना सांगायला हवं होतं. त्या तुमचे कागद लावत बसल्या होत्या. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, पुठ्ठ्यापासून लाँचपर्यंत. त्यांनी उठून आतून वह्यांचा एक गठ्ठा आणला आणि माझ्या हातात दिला.

उघडून बघितलं. तुमचं अक्षर. तारीख, हवा कोरडी की दमट, आणि पुढे दोन आकडे. पानंच्या पानं. प्रत्येक पावसाळ्यात रोज सकाळी तुम्ही ते दोन पुठ्ठे मोजत होता. आकडे कुठेच बदलले नव्हते.

वहिनी म्हणाल्या, "चहाच्या आधी मोजायचे. चहा निवायचा. एकदा मी चिडून विचारलं, इतकी वर्षं झाली, पट्टीवरच्या एका रेघेनंही तो पुठ्ठा हलत नाही, मग कशाला मोजता? तर म्हणाले, घरत खोटं बोलणार नाहीत. म्हणजे कधी ना कधी पुठ्ठाच आवळेल."

मी खाली बसलो. वहिनींनी मला पाणी दिलं नाही, समजूतही घातली नाही. म्हणाल्या, "लिहा. नावासकट लिहा."

वार्षिकाच्या वाचकांनो, अध्यापक विद्यालयाच्या आजी-माजी विद्यार्थ्यांनो, ठाण्याच्या अध्यक्षांनो, डॉक्टरांच्या हातून मोजमापाची चूक कधीही झाली नाही. ती चित्रं मी, काशिनाथ घरत, चित्रकला शिक्षक, यानं पट्टी न लावता काढली. चूक मला त्या सोमवारी कळली होती, आणि मी ती लपवली.

आणि भास्करराव, पुठ्ठा आवळला नव्हता.